लाल रेघेखालचं कोल्हार

पहिली चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती, आणि माझ्या मराठीवर माझा फार विश्वास आहे. ‘आपल्या पाल्यास येत्या गुरुवारपासून शाळेबाहेर पाठवण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी.’ खाली सही, बाजूला शाळेचा गोल शिक्का. बुधवारी नववीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या आणि गुरुवारी सकाळी सातला शाळेच्या फाटकात पालकांची ही गर्दी. एका आईच्या हाताचं पीठ तसंच होतं. एक वडील नागापूरच्या कारखान्यातली पाळी संपवून गणवेशातच आले होते. मला पाहताच त्यांनी हात जोडले.

“मॅडम, येवढ्या बारीला पदरात घ्या. त्यानं काय केलं ते फक्त सांगा, बाकी मी घरी बघतो.”

मुलगा शेजारीच उभा होता. चिठ्ठी घरी पोचल्यावर त्याने घाबरून आपण होऊन तीन गुन्हे कबूल केले होते. त्यातले दोन मला तोवर माहीतच नव्हते.

मी हात वर करून सगळ्यांना समजावलं की कुणालाही शाळेतून काढलेलं नाही, मुलं फक्त दर गुरुवारी शहरात शिकायला जाणार आहेत. काही पालक हसले. काहींना हे काढून टाकण्यापेक्षाही वाईट वाटलं. “म्हंजी शाळेत घालून पोरगं पुन्हा बाजारातच?” असं एका आजोबांनी विचारलं.

मी नगरच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये भूगोल आणि मराठी शिकवते. कागदावर आता अहिल्यानगर, जिभेला अजून सवय होते आहे. शाळा शहराच्या मधोमध, फी नाही, पंखे आहेत, त्यातले काही फिरतात. शाळेखेरीज मी हौशी नाटकांत काम करते. गेली वीस वर्षं मला सासूच्याच भूमिका मिळतात. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता वर्गात उपयोग होतो.

गुरुवारची शाळा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत सांगते. नववीतल्या प्रत्येकाने, पुढे दहावीतही, शहरातली एक कामाची जागा निवडायची. आम्ही नाही, त्याने निवडायची. तिथला एक माणूस शिकवायला राजी करायचा, तोही त्यानेच. तिथे झाडू मारायचा नाही, चहा आणायचा नाही. काम बघायचं, विचारायचं, जमेल तेवढं हाताने करायचं. आणि शुक्रवारी वर्गात एक असा प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर शिक्षकासकट कुणालाच येत नाही. वर्षाच्या शेवटी ‘मांडणी’ करायची: आपण काय शिकलो ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. परीक्षक म्हणून साहेब लोक बोलवायचे नाहीत, ज्यांच्याकडे मुलं शिकली तेच बेकरीवाले, शिंपी आणि मेकॅनिक समोर बसतात. ते फार कडक असतात.

तो प्रश्नाचा नियम माझाच. मला तो फार थोर वाटला होता. पहिल्याच शुक्रवारी बेकरीत गेलेल्या एका मुलाने विचारलं की खारी आणि पाव दोन्ही मैद्याचे, दोन्ही त्याच भट्टीत जातात, मग खारीलाच पदर कसे सुटतात? विज्ञानाचे सर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी ते किरकोळ रजेवर होते. योगायोग असेल.

चष्म्याच्या दुकानात गेलेल्या मुलीने मात्र मला हरवलं. तिने दुकानातून अक्षरांचा तक्ता मागून आणला आणि मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाचे डोळे तपासले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला तिसऱ्या ओळीच्या खालचं काही दिसत नव्हतं. या मुलाला मी दोन वर्षं ‘फळ्यावरचं सुद्धा नीट उतरवता येत नाही का रे’ असं विचारत होते, आणि तो ‘न्हाई’ म्हणत होता. तो खरं सांगत होता. मी त्याला उद्धट समजत होते.

आमच्या मुख्याध्यापकांना, देठे सरांना, हे सगळं आवडत होतं, पण त्यांचं आवडणं नेहमी फाईलला लावलेलं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक पत्र दिलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: विद्यार्थ्यांच्या वर्तनाबाबत बाहेरून एकही लेखी तक्रार प्राप्त झाल्यास सदर उपक्रम तत्काळ बंद करण्यात येईल. “मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” ते म्हणाले, “पण विश्वासाला आवक क्रमांक नसतो.”

आता छायाबद्दल सांगते.

छाया राजूरच्याही पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. वडिलांना नागापूरच्या एका वर्कशॉपात काम मिळालं म्हणून सगळं घर नगरला आलं आणि ती आमच्याकडे नववीला. पहिल्या आठवड्यात धडा वाचताना ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली. वर्ग हसला. मी तिला दुरुस्त केलं, आणि साधं दुरुस्त केलं असतं तर मी कसली नटी? टाळूला जीभ लावून, डोळे मोठे करून, “ण, बाळ, ण! बाणातला ण!” असा छोटासा प्रवेशच करून दाखवला. वर्ग आणखी हसला. ती मला मिळालेली दाद आहे असं मी समजले. त्या दिवसापासून छायाने वर्गात तोंड उघडलं नाही.

तिच्या आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी नववीपर्यंत शिकेल, पुढे कुणा नातेवाइकाने नागापुरातच मसाला पॅकिंगला लावून देतो म्हटलंय. आईचाही दोष नव्हता. पोरगी शाळेत खूश दिसली असती तर ती आई थांबली असती, पण खूश दिसण्यासारखं आम्ही काही केलं नव्हतं. गुरुवार सुरू झाले आणि दिवाळीनंतर मी मुलांकडून ‘पुढे काय?’ असा एक कागद भरून घेतला. छायाने त्यावर एकच ओळ लिहिली होती: ‘गुरुवार असला तर दहावीला बसते.’ आईलाही तिने तेच सांगितलं होतं आणि आईने मान्य केलं होतं.

गुरुवारसाठी तिने निवडली होती एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. मी विचारलं, हीच का? तर खाली बघत म्हणाली, “आमी नगरला आलो त्या दिवशी आईला कुनी धड सांगितलं न्हाई. दोन तास बसून हुतो.”

खिडकीमागे पठाणसाहेब होते. ते कंट्रोलर, म्हणजे गाड्यांच्या वेळा आणि फलाट सांभाळणारा, माईकवर पुकारणारा आणि सगळ्या जिल्ह्याच्या शिव्या खाणारा माणूस. निवृत्तीला आलेले. चेहरा असा की हे कधी हसले असतील असं वाटू नये, आणि हसले की वाटायचं, एवढे दिवस कुठे ठेवलं होतं हे? समोरच्या माणसाच्या चपलेची माती बघून ते त्याचा तालुका ओळखायचे. त्यांना कधी काही विचारावं लागत नसे. लोक गाव सांगायच्या आधीच ते फलाट सांगायचे.

आणि त्या खिडकीत छाया बोलायला लागली. मी गुरुवारी स्कूटीवरून सगळ्या जागांची फेरी मारते. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. समोर डोक्यावर पाटी घेतलेली बाई विचारतेय, आणि आमची मुकी मुलगी सांगतेय, “न्हाई मावशे, ती गेली. आता बाराची हाय. तवर त्या लिंबाखाली बस, हितं ऊन लागंल.” पठाणसाहेब मला म्हणाले, “मॅडम, ही पोरगी आली तेव्हापासून खिडकीवर भांडण नाही. मला करमत नाही.”

तीन गुरुवार बसून तिने पठाणसाहेबांच्या रजिस्टरवरून एक यादी केली. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाव, फलाट, वेळ. मला तपासायला आणली. मी लाल पेन काढलं. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन-चार ‘न’चे ‘ण’ केले. कोल्हार हे गाव तिने दोनदा लिहिलं होतं, एकदा फलाट दोन आणि एकदा फलाट सात. मी खालच्या कोल्हारवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पुनरुक्ती’. ती काहीतरी बोलायला गेली. मी म्हटलं, “छान केलंस हं,” आणि पुढच्या मुलाची वही घेतली.

नगरकर वाचक इथे कपाळाला हात लावतील. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात कोल्हार दोन आहेत. एक प्रवरेकाठचं, मनमाड रस्त्यावर, राहुरीच्या पुढे, उसाचं, पाण्याचं. दुसरं पाथर्डीकडे डोंगरात, कोल्हुबाईचं कोल्हार. एक उत्तरेला, एक पूर्वेला. हे मला माहीत होतं. अठरा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला माहीत असणारच. पण हातात लाल पेन असलं की माणसाला जे माहीत असतं ते आठवत नाही, फक्त चुका दिसतात.

जानेवारीतला गुरुवार होता, सकाळचे अकरा. मी स्टँडवर पोचले, पठाणसाहेबांनी चहा मागवला आणि छायाला म्हणाले, बेटा, दहा मिनिटं खिडकी सांभाळ. मी त्यांना आतल्या खोलीत आमच्या नाटकातला एक किस्सा सांगायला घेतला. सुनेला घराबाहेर काढताना माझाच अंबाडा सुटून तिच्या हातात आला होता, तो. किस्सा ऐन रंगात असताना मला काचेतून दिसलं की छाया एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून तिला फलाट दोनकडे नेते आहे. म्हातारीच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. छायाने तिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं, पिशवी मांडीवर दिली, कंडक्टरला काहीतरी बजावलं. गाडी सुटली. मी किस्सा थांबवून पठाणसाहेबांना म्हणाले, “बघितलंत? माझी विद्यार्थिनी.”

माझी, असं म्हणाले मी.

पंधरा मिनिटांनी छाया दारात येऊन उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. खिडकीवर एकाने कोल्हुबाईच्या कोल्हारची गाडी लागली का म्हणून विचारलं होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “कोल्हार दोन हायेत का?”

पठाणसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, म्हातारी काय काय बोलली ते सगळं सांग. छायाला शब्द न् शब्द आठवत होता. मुलगा स्टँडच्या फाटकापाशी सोडून कामावर गेला, असं म्हणाली. आणि सीटवर बसताना म्हणाली, यंदा आमच्या डोंगराला गवत बी न्हाई.

“प्रवरेकाठी डोंगर कुठून आला?” पठाणसाहेब एवढंच बोलले.

मग ते खिडकीपाशी गेले, तिथे टांगलेली छायाची पुठ्ठ्याची यादी काढून आणली आणि कोल्हारची ओळ शोधली. लाल रेघ बघितली. ‘पुनरुक्ती’ वाचलं. माझ्याकडे बघितलं. आणि पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला.

मी थंड झालेला चहा उचलला. मला ठाऊक होतं की छायाला ती रेघ आठवत असणार. ती एकदाही त्या पुठ्ठ्याकडे बघत नव्हती.

कंडक्टरचा नंबर पठाणसाहेबांच्या डायरीत होता. पहिल्यांदा फोन लागेना, गाडी विळदच्या घाटात असावी. दुसऱ्यांदा लागला. म्हातारीला राहुरीत उतरवून परतीच्या गाडीत बसवा, एवढं सांगितलं आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच कंडक्टरचा उलटा फोन. आजी उतरणार नाही म्हणतात. मुलाने बजावलंय, कोण काय बी सांगंल, कोल्हार आल्याबिगर उठायचं न्हाई. वर त्यांनी कनवटीची चिठ्ठी काढून कंडक्टरलाच दिली होती: हा माझ्या लेकाचा नंबर, त्याला फोन लाव आन् सांग, ह्यो मानूस मला वाटंत उतरिवतोय. त्या सज्जन माणसाने तो फोन लावलाही होता.

“मला द्या,” मी म्हटलं. असा प्रवेश माझ्याशिवाय कोण करणार? मी फोन घेतला, घसा साफ केला आणि माझ्या उत्तम, स्वच्छ मराठीत सुरुवात केली. “नमस्कार आजी. घाबरू नका. मी आपल्याला नम्र विनंती करते की आपण राहुरी स्थानकात...”

पलीकडून आजींचा आवाज, मला नव्हे, कंडक्टरला: “घे बाबा ह्यो फोन. बँकेची बाई हाय. आता आधारचा नंबर मागंल.”

पठाणसाहेबांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. अशा वेळीही माणूस हसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलं आहे.

छायाने माझ्या हातातून फोन घेतला. मागितला नाही, घेतला.

“आज्जे, मी हाय. खिडकीवरची.”

“बोल गं.”

“तू कुठल्या कोल्हारची?”

“कुठल्या म्हंजी? कोल्हुबाईच्या.”

“मंग माझं चुकलं, आज्जे. मी तुला दुसऱ्याच कोल्हारच्या गाडीत बशिवलं. मी आधी इचारायला पायजे हुतं.”

“मंग आता?”

“राहुरीला उतर. कंडक्टरदादा तुला माघारी गाडीत बशिवतील. मी हितंच हाय. तू येस्तवर जात न्हाई.”

“गोळी घ्यायचीय मला दुपारची. पानी हाय का राहुरीत?”

“हाय. लई पानी हाय.”

“मंग उतरते,” आजी म्हणाल्या.

राहुरी पाऊण तासावर, तिथून परत यायला तेवढंच, मध्ये गाडी मिळायची वेळ. म्हणजे दोन तास. त्यातल्या पहिल्या वीस मिनिटांतच मुलगा आला. अंकुश त्याचं नाव. नागापुरात कामाला, कंपनीच्या गणवेशात, हेल्मेट हातात. आईचं कालच ऑपरेशन झालेलं, सुट्टी मिळाली नाही म्हणून फाटकात सोडून गेला, त्याची टोचणी त्याला आधीच होती, आणि ती सगळी आमच्यावर निघाली. तो जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. एका डोळ्याची म्हातारी, हातात फोन नाही, आणि खिडकीवर कोण, तर शाळेतली पोरगी. ही काय खेळायची जागा आहे का? त्याने तक्रार वही मागितली.

पठाणसाहेबांनी कपाटातून वही काढून दिली. मागितली की द्यावीच लागते. पानांवर छापील क्रमांक असतात, त्यामुळे लिहिलेलं फाडता येत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या कचेरीत नक्कल जाते. अंकुशने पेन उघडलं.

“नाव काय तुझं?”

“छाया,” ती म्हणाली. “माझंच लिवा.”

त्या क्षणी मला देठे सरांचं ते एका वाक्याचं पत्र दिसलं. एक लेखी तक्रार, गुरुवार बंद. गुरुवार बंद, की छायाची दहावी बंद. समोर बघत होते तर पोरगी आपल्या हाताने आपलीच दहावी त्या वहीत लिहायला सांगत होती आणि माझं नावही घेत नव्हती. तक्रार कुणाच्या नावाने गेली तरी जायचीच होती. मग निदान खऱ्या नावाने जाऊ दे, असं काहीतरी माझ्या मनात आलं असावं. हे तेव्हाच सुचायला हवं होतं, जेव्हा पुठ्ठा पालथा झाला. त्याला अर्धा तास उशीर झाला, आणि तो अर्धा तास मला आजही टोचतो.

मी पुठ्ठा उलटा केला.

“हिचं नाव लिहू नका. हिने दोन्ही कोल्हार बरोबर लिहिले होते. ही लाल रेघ माझी. निमसे मॅडम लिहा.”

अंकुशने यादी जवळ ओढली. बोट ठेवून वाचलं.

“पुनरुक्ती म्हंजी काय?”

“एकच गोष्ट विनाकारण दोनदा सांगणं.”

त्याने बोट त्या रेघेवरच ठेवलं. “म्हंजी आमचं गाव विनाकारण हाय.”

मी तीस-चाळीस प्रयोगांत प्रेक्षकांसमोर वाक्य विसरले आहे आणि काहीतरी जोडून वेळ मारून नेली आहे. त्या दिवशी मी नुसती वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने माझं नाव लिहिलं, पुढे सगळी हकिकत लिहिली आणि सही केली.

मग आम्ही चौघं फलाटावर उभे राहिलो. छाया सगळ्यांत पुढे. राहुरीकडून आलेल्या पहिल्या गाडीत आजी नव्हत्या. दुसरीत नव्हत्या. अंकुश हेल्मेटचा पट्टा नुसता उघडत होता आणि लावत होता. तिसरी गाडी आत वळली तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत मला हिरवा ठिपका दिसला. गाडी थांबायच्या आधीच छाया दाराशी पोचली होती.

गयाबाई, त्यांचं नाव, अगदी मजेत उतरल्या. कंडक्टरने राहुरीत चहा पाजला होता. अंकुशने तोंड उघडताच त्यांनी त्याला गप्प केलं.

“वरडू नको. तुझा बाप घरजावई, तरी माझ्या लग्नात त्याचं वऱ्हाड त्याच कोल्हारला गेलं हुतं. ट्रकवाल्यानं न्हेलं. आमी हळद लावून संध्याकाळपत्तोर बसून. तुझ्या बापाला कुनी वहीत लिवलं न्हाई.” मग उघड्या डोळ्याने त्यांनी छायाला शोधलं. “खिडकीवरची तूच ना? चल, आता नीट बशीव.”

अंकुशचा चेहरा निवळला, पण पान फाडता येत नव्हतं. तो मला म्हणाला, “मॅडम, आता ते ऱ्हायलं बघा.” मी म्हटलं, राहू दे, खरं आहे ते. छायाने गयाबाईंना फलाट सातवर नेलं. अंकुश अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आईशेजारी बसला.

शुक्रवारी सकाळी मी देठे सरांसमोर उभी राहिले. प्रार्थनेआधीच वहीच्या त्या पानाची नक्कल स्टँडवरच्या माणसाने त्यांच्या टेबलावर आणून दिली होती. मी यादीचा पुठ्ठा पुढे ठेवून सगळं सांगितलं, लाल रेघेसकट, आणि शेवटी म्हटलं, गुरुवार बंद करायचा तर करा सर, पण छायाला वर्षअखेरपर्यंत तरी जाऊ द्या. सरांनी मला बसा म्हटलं नाही. फाईल उघडली, आपलंच पत्र काढलं, चष्मा लावून वाचलं. मग नक्कल वाचली. मग पुन्हा पत्र.

“विद्यार्थ्यांच्या वर्तनाबाबत,” ते म्हणाले. “असं लिहिलंय मी.”

“हो सर.”

“ही तक्रार शिक्षकाच्या वर्तनाबाबत आहे.”

“हो सर.”

“मग ती या फाईलला कशी लागेल? शिक्षकांच्या तक्रारींची फाईल वेगळी.” त्यांनी मागच्या कपाटातून ती काढली. ती चांगलीच जाड होती आणि तिच्यात माझा हा पहिलाच कागद नव्हता. त्यांनी नक्कल पंच केली, आत लावली, नाडी बांधली. “उपक्रमाचा यात कुठेही संबंध दिसत नाही. तुम्ही मात्र तीन दिवसांत लेखी खुलासा द्या.”

मी बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. बाई रडते आहे हे पाचवीच्या दोन मुलांनी पाहिलं आणि ‘नाटकाची प्रॅक्टिस चाललीय’ असं एकमेकांना सांगितलं. अशी प्रतिमा असण्याचे फायदे असतात.

खुलासा मी रविवारभर लिहिला. चार पानं. त्यात स्थाननामांचा इतिहास होता, प्रशासकीय सोयीसाठी गावांना उपनामं द्यावीत अशी सूचना होती, अध्यापनातील भाराचा उल्लेख होता, आणि शेवट असा होता की वाचणाऱ्याने उठून टाळ्या वाजवाव्यात. सोमवारी मधल्या सुट्टीत छाया स्टाफरूममध्ये यादीचा पुठ्ठा परत न्यायला आली. मला श्रोता हवाच होता. मी तिला उभी करून चारही पानं आवाजासकट वाचून दाखवली.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, लई झालं.”

“म्हणजे?”

“चुकलं म्हनायचं. आन् आता काय करनार ते सांगायचं. आज्जीला मी तेवढंच सांगितलं, तर ती उतरली की.”

मी कोरा कागद घेतला. ‘माझी चूक झाली. यापुढे रेघ मारण्यापूर्वी विद्यार्थ्याला विचारीन.’ सही केली. चार पानांचं काय केलं ते सांगत नाही, पण एखाद्या नाटकात ती मी वापरणार आहे.

देठे सरांनी कागद वाचला आणि उलटून पाठीमागे बघितलं. पाठीमागे काही नव्हतं. “एवढाच?” म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत असा खुलासा आपल्याकडे आला नाही, यावर शेरा काय मारायचा तेच कळत नाही, असंही म्हणाले. शेवटी त्यांनी ‘समाधानकारक’ असं लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांच्याही चेहऱ्यावर तसंच काहीसं होतं.

स्टाफरूमच्या दाराशी छाया थांबली होती, पुठ्ठा छातीशी धरून. खालच्या कोल्हारवरची लाल रेघ तिने ब्लेडने खरवडून काढली होती. पुठ्ठा तेवढ्यापुरता पांढरा दिसत होता. मी तिला सांगितलं की गुरुवार चालू राहणार आहे, याही वर्षी आणि पुढच्याही. मला वाटलं होतं ती हसेल, निदान मान हलवेल.

“मंग दहावीची पुस्तकं कधी मिळत्यात?” तिने विचारलं.

पुस्तकं जूनमध्ये मिळतात. मी जुने संच ठेवलेल्या कपाटाची किल्ली शोधायला लागले.